बिनदोरीचा दूरध्वनी

ज्या यंत्राविषयी आज मी बोलणार आहे त्याला मराठीत अजून सर्वमान्य नाव मिळालेले नाही. इंग्रजीत त्याला 'कॉर्डलेस' म्हणतात आणि व्यवहारात आपणही तोच शब्द वापरतो. 'बिनतारी' हा आपला जुना शब्द पोलिसांच्या आणि आगबोटींच्या संदेशयंत्रासाठी कधीचा राखून ठेवला गेला आहे. शिवाय तो येथे लावणे खरेपणाचेही होणार नाही, कारण या यंत्राला तारा आहेत, आणि एक नव्हे तर दोन आहेत. एक दूरध्वनीच्या जोडणीतून येते, दुसरी भिंतीवरच्या विजेच्या खटक्यातून. गेली आहे ती फक्त रिसीव्हर आणि मूळ यंत्र यांच्यामधली, पीळ घातलेली, हातभर ताणली जाणारी दोरी. म्हणून मी त्याला 'बिनदोरीचा दूरध्वनी' म्हणतो. नाव ओबडधोबड आहे, पण खोटे नाही.

आता कोणी म्हणेल की ज्या काळात शाळकरी मुलाच्या खिशातही मोबाइल असतो त्या काळात घरातल्या दूरध्वनीवर भाषण कशासाठी? त्याचे कारण असे की हे यंत्र अजून ज्या घरांत आहे, तेथे त्याची गरज इतरांपेक्षा अधिक आहे. मुले बंगळूरला, पुण्याला किंवा परदेशी आहेत आणि आईवडील इंदूरच्या, बेळगावच्या, नागपूरच्या अथवा कोकणातल्या आपल्या घरी दोघेच राहत आहेत, असे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असेल. घरात इंटरनेटची जोडणी येते आणि तिच्याबरोबर दूरध्वनीचीही येते. मोबाइलची काच बोटाला नीट दाद देत नाही, अक्षर बारीक असते, आणि तो उशाखाली की देवघरात ठेवला याचे विस्मरण होते. मग मुलगा किंवा मुलगी विचार करते की आईबाबांना एक चांगला बिनदोरीचा फोन घेऊन द्यावा, म्हणजे घंटा वाजली की धावपळ नको. विचार उत्तम आहे. खोके टपालाने घरी येते, त्यात बारीक इंग्रजी अक्षरांतली एक पुस्तिका असते, आणि खरी अडचण तेथून सुरू होते. मी सरकारी नोकर असल्यामुळे परिपत्रके वाचून त्यांतून अर्थ काढण्याची मला थोडीफार सवय आहे; परंतु या पुस्तिका वाचताना आमची परिपत्रके मला सुबोध वाटू लागली.

पुस्तिका कोणती कळ कितीदा दाबावी हे सांगते. दोरी गेल्यामुळे काय काय गेले हे ती सांगत नाही. भारतात कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे १८८२ साली दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. तेव्हापासून शंभरएक वर्षे घराघरांत जे यंत्र राहिले ते तारेला बांधलेले होते, आणि त्या बांधलेपणाचा आपल्याला रागही येत असे. बैठकीच्या खोलीत, दाराजवळच्या तिवईवर, क्रोशाच्या रुमालाखाली ते जड काळे यंत्र विराजमान असे. आळीत एकाच्याच घरी ते असले की सगळ्या आळीच्या नावापुढे तोच क्रमांक 'पी. पी.' अशी दोन अक्षरे लावून छापला जाई. ट्रंक कॉल लागला की मंडळी भोवती गोळा होत आणि एकाचे बोलणे दहाजणांच्या कानी जाई. ती अडचण खरीच होती. तथापि ती तार चार कामे गुपचूप करीत होती. ती आवाज वाहून नेई हे तर उघडच आहे. पण त्याच तारेतून यंत्राला लागणारी वीजही येई. यंत्र कोठे आहे हे तीच ठरवून टाकी, म्हणून ते कधी हरवत नसे. आणि अमुक बोलणे अमुक घरातूनच होत आहे याची हमीही तीच देई, कारण तार दुसऱ्याच्या घरात जात नव्हती. दोरी कापली की ही चारही कामे दुसऱ्या कोणी तरी करावी लागतात. त्यांतली काही यंत्र करते, आणि काही आपल्या अंगावर पडतात.

आवाजाचे काम यंत्राने चांगले उचलले आहे. दोरीऐवजी रेडिओलहरी वापरून घरगुती दूरध्वनी चालविण्याचे एक पेटंट अमेरिकेत ओहायओ राज्यातल्या जॉर्ज स्वाइगर्ट यांना १९६९ साली मिळाले. त्यानंतर काही वर्षांनी असे दूरध्वनी बाजारात आले. ते रेडिओसारखेच होते. त्यांत खरखर असे, आणि शेजाऱ्याकडे तशाच लहरींवरचे यंत्र असले तर त्याचे बोलणे आपल्याकडे आणि आपले त्याच्याकडे पोहोचे. यातून पुढे युरोपातल्या संस्थांनी एक अंकीय पद्धत ठरविली. तिचे मानक १९९२ साली प्रसिद्ध झाले आणि तिला आद्याक्षरांवरून 'डेक्ट' म्हणतात. आज दुकानात मिळणारे बहुतेक चांगले संच याच पद्धतीचे असतात. तिची युक्ती मोठी मौजेची आहे. सेकंदाच्या शंभराव्या भागाचे चोवीस तुकडे करायचे; त्यांपैकी पहिल्या बारांत एका बाजूने बोलायचे, उरलेल्या बारांत दुसऱ्या बाजूने. म्हणजे रिसीव्हर आणि मूळ यंत्र हे दोघे सभ्य माणसांसारखे आळीपाळीने बोलतात, पण ही पाळी सेकंदात शंभर वेळा येत असल्यामुळे आपल्या कानाला संभाषण अखंड वाटते. आपल्याकडे मद्रासच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक अशोक झुनझुनवाला आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात याच पद्धतीवर 'कॉर-डेक्ट' नावाची रचना उभी केली, ती घरातल्या घरात फिरण्यासाठी नव्हे, तर जेथे तांब्याची तार नेणे परवडत नव्हते अशा ठिकाणी दूरध्वनी पोहोचविण्यासाठी. परदेशात सोयीसाठी निघालेली वस्तू आपल्याकडे गरजेसाठी वापरली गेली.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. मूळ यंत्राला मी बैठक म्हणतो, कारण रिसीव्हर तिच्यावर बसतो. ही बैठक कोठे ठेवावी हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. पुष्कळ घरांत ती जेथे जुना फोन होता तेथेच, म्हणजे दाराजवळच्या कोपऱ्यात ठेवतात. हे सवयीचे आहे, सोयीचे नव्हे. लहरी बैठकीपासून चहूंकडे पसरतात. बैठक घराच्या एका टोकाला ठेवली तर निम्म्या लहरी रस्त्याला मिळतात आणि दुसऱ्या टोकाचे स्वयंपाकघर कोरडे राहते. ती घराच्या मध्याजवळ, छातीइतक्या उंचीवर, मोकळ्या फळीवर ठेवावी. लोखंडी कपाट, शीतकपाट आणि मोठा आरसा यांच्या आड ठेवू नये. इंटरनेटच्या पेटीपासूनही निदान हातभर दूर ठेवावी. जे संच 'डेक्ट' पद्धतीचे नसून २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात, त्यांचे मायक्रोवेव्ह भट्टीशी मुळीच पटत नाही, कारण भट्टीही त्याच पट्ट्यात काम करते. इकडे दूध तापू लागले की तिकडे बोलणे तुटू लागते.

उत्पादक सांगतात की मोकळ्या मैदानात तीनशे मीटर आणि घरात पन्नास मीटरपर्यंत आवाज पोहोचतो. मैदानाचा आकडा सोडून द्यावा. मैदानात कोणी घर बांधून राहत नाही. पन्नास मीटरही भिंतींवर अवलंबून आहेत. पातळ विटांच्या भिंतींतून लहरी सहज जातात. लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या भिंती आणि छत त्यांना अडवितात. जुन्या वाड्याची दोन हात जाडीची भिंत किंवा कोकणातली जांभ्या दगडाची भिंत, विशेषतः पावसाळ्यात ओल धरलेली, त्यांना बरीच गिळून टाकते. म्हणून बैठक कायमची ठोकून बसविण्यापूर्वी एक प्रयोग करावा. एकाने बाहेरून फोन करावा आणि दुसऱ्याने बोलत बोलत न्हाणीघराच्या दारापर्यंत, मागच्या अंगणापर्यंत, जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत जाऊन यावे. जेथे आवाज तुटतो ती जागा लक्षात ठेवावी. न्हाणीघराजवळ तो तुटता कामा नये. वृद्ध माणसे घसरून पडतात ती पुष्कळदा तेथेच.

जोडणीचा प्रश्न पूर्वी सोपा होता. भिंतीतल्या खाचेत तार खुपसली की झाले. आता दोन प्रकार संभवतात. तांब्याच्या तारेवर इंटरनेटही येत असेल तर मध्ये एक लहानशी गाळणी लावावी लागते. दूरध्वनीची तार गाळणीतून घेतली नाही तर बोलण्यात सतत सूं सूं असा आवाज राहतो, आणि नवा फोन बिघडलेला निघाला असे समजून तो परत पाठविला जातो. दुसरा प्रकार काचतंतूचा. यात भिंतीतली जुनी खाच निर्जीव झालेली असते, आणि दूरध्वनीची तार काचतंतूच्या पेटीवर जेथे फोनची खूण असते तेथे घालावी लागते. आईवडील जुन्या खाचेत तार घालून स्वर येण्याची वाट पाहत बसतात आणि मुलगा तिकडून 'बाबा, आवाज येतो का?' असे मोबाइलवर विचारीत राहतो. हा संवाद अनेक घरांत झालेला असेल.

विजेच्या बाबतीत एक इशारा परदेशस्थ आप्तांसाठी देऊन ठेवतो. अमेरिकेतून येणारा भाचा प्रेमाने तिकडचा संच घेऊन येतो. तिकडच्या अशा संचाबरोबरचा विजेचा ठोकळा बहुधा १२० व्होल्टांचा असतो आणि आपल्या घरात २३० व्होल्ट असतात. पहिल्याच दिवशी धूर निघतो. ठोकळा बदलता येईल, पण लहरी बदलता येत नाहीत. तिकडचे 'डेक्ट' संच १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात. युरोपात आणि इतर अनेक देशांत याच पद्धतीसाठी १८८० ते १९०० हा पट्टा आहे. अमेरिकेचा तो पट्टा आपल्याकडे मोबाइल कंपन्यांच्या वापरातला आहे. तेव्हा भाच्याचे कौतुक करावे, पेढे घ्यावेत आणि संच खोक्यातच ठेवावा.

रिसीव्हरमध्ये बहुधा दोन बारीक घट असतात, प्रत्येकी १.२ व्होल्टांचे, पुन्हा पुन्हा भरता येणारे. ते पहिल्या वेळी पूर्ण भरल्याशिवाय संच वापरू नये. काही उत्पादक सात तास सांगतात, काही सोळा. आपल्या पुस्तिकेत जो आकडा असेल तो पाळावा. दोन-तीन वर्षांनी हे घट थकतात, आणि दहा मिनिटांच्या बोलण्यानंतर रिसीव्हर विव्हळू लागतो. तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातून घड्याळात घालायचे साधे घट आणून बसविण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. साधे घट भरण्यासाठी केलेले नसतात. बैठकीवर ठेवले की ते तापतात, गळतात आणि कधी फुटतातही. आणखी एक समजूत आपल्याकडे दृढ आहे, की रिसीव्हर पूर्ण रिकामा झाल्याशिवाय बैठकीवर ठेवू नये, नाही तर घटांना खोड लागते. ही निकेल-कॅडमियमच्या घटांच्या काळातली गोष्ट. आजच्या निकेल-मेटल-हायड्राइडच्या घटांना तिचे भय फारसे नाही. रिकामा होईपर्यंत बाहेर ठेवलेला रिसीव्हर नेमका रात्री दोन वाजता रिकामा सापडतो, हे भय मात्र खरे आहे. बोलणे संपले की तो जाग्यावर ठेवावा. जे काम दोरी न सांगता करीत होती ते आता हाताला सवय लावून करावे लागते.

तरीही तो हरवतोच. सोफ्याच्या उशीमागे, शेंगांच्या टोपलीत, क्वचित धुण्याच्या बादलीतही तो सापडल्याचे मी ऐकले आहे. बैठकीवर एक लहान कळ असते. ती दाबली की रिसीव्हर जेथे असेल तेथून हाक देतो. हीच कळ चारपाच सेकंद दाबून धरली की नव्या रिसीव्हरची बैठकीशी ओळख करून देता येते. रिसीव्हरवर नोंदणीचा पर्याय निवडायचा आणि चार अंकांची गुप्त संख्या द्यायची. अनेक संचांत ती कारखान्यातून चार शून्ये अशी येते. एका बैठकीला चार-सहा रिसीव्हर जोडता येतात. दुमजली घरात दुसरा रिसीव्हर घ्यावा, म्हणजे वरच्या मजल्यावरून खालच्याला हाक मारता येते आणि जिने चढण्याउतरण्याचे श्रम वाचतात. वृद्ध दांपत्यासाठी तर दोन रिसीव्हर ही चैन नव्हे. एक बैठकीच्या खोलीत आणि एक पलंगापाशी, प्रत्येकाची जागा ठरलेली.

साठविलेल्या क्रमांकांविषयी एक लहान पण अडणारी बाब. १५ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात घरच्या दूरध्वनीवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य फिरवावे लागते. बाबांच्या वहीतले क्रमांक त्याआधीचे असतात, आणि मुलानेही घाईत तेच दहा अंक यंत्रात भरलेले असतात. मग फोन लागत नाही आणि दोष यंत्राला दिला जातो. प्रत्येक मोबाइल क्रमांकाआधी शून्य घालूनच तो साठवावा. ११२ या संकटकाळच्या क्रमांकाला मात्र शून्य नको. यंत्रात जलद क्रमांकांची सोय असते. एक अंक दाबून धरला की ठरलेला क्रमांक लागतो. पहिल्या अंकावर कोण असावे याविषयी घरात मतभेद संभवतात. माझ्या मते तेथे परदेशातला मुलगा नसावा. तो उचलील, घाबरील आणि तेथून काही करू शकणार नाही. तेथे शेजारी असावा.

आता ज्या कामासाठी मी हे भाषण स्वीकारले त्याकडे येतो, ते म्हणजे विजेचे काम. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या दूरध्वनीला घरातली वीज लागत नसे. दूरध्वनी केंद्रात घटांची मोठी रांग असते आणि तिच्यातून सुमारे ४८ व्होल्टांचा दाब तारेवरून आपल्या घरापर्यंत सतत येतो. घंटा वाजविण्यासाठी तेथूनच अधिक दाबाचा प्रवाह पाठविला जातो. म्हणून वादळात सगळे गाव काळोखात बुडाले तरी तो काळा फोन जिवंत असे. आपण याचा कधी विचार केला नाही, कारण विचार करण्याची वेळच आली नाही. बिनदोरीच्या दूरध्वनीत बैठकीला घरची वीज लागते. वीज गेली की रिसीव्हर भरलेला असूनही निरुपयोगी होतो. त्याचे घट ठणठणीत असतात, पण तो ज्याच्याशी बोलणार ती बैठक मुकी झालेली असते.

काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी माझ्या मावशीच्या घरी हे घडले. आषाढातली रात्र होती, नऊच्या सुमारास वीज गेली. मावशी अंधारात न्हाणीघराकडे निघाली आणि उंबऱ्यापाशी पडली. तिचे यजमान, त्यांना आम्ही काका म्हणतो, ऐंशीच्या घरातले. त्यांनी रिसीव्हर उचलला. त्याची पट्टी उजळली, पण स्वर येईना. ते पुन्हा पुन्हा कळा दाबीत राहिले. मावशी खालूनच म्हणत होती, "अहो, तो खाली ठेवा आणि पुन्हा उचला," कारण जुना फोन तसा ठीक होत असे. मोबाइलला त्या घराच्या भिंतींच्या आत लहरी मिळत नसत. अंगणाच्या टोकाशी जावे लागे, आणि बाहेर पाऊस कोसळत होता. काका तसेच भिजत अंगणापलीकडे गेले, शेजारच्यांचे दार वाजविले, आणि त्यांच्या मुलाने रिक्षा आणली. यात पाऊण तास गेला. मावशीचा खुबा मोडला होता. शस्त्रक्रिया झाली, आज ती काठी घेऊन हिंडते. परंतु या हकिकतीतला मला खटकणारा भाग वेगळाच आहे. त्या रात्री भिंतीतल्या खाचेत स्वर होता. तांब्याची तार शाबूत होती, केंद्र चालू होते. जुना काळा फोन माळ्यावर, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला होता. नवा आला म्हणून आणि मोडीत काय मिळणार म्हणून तो वर गेला होता. खाचेपासून माळा फार तर नऊ फूट उंच असेल.

म्हणून ज्या घरी अजून तांब्याची तार आहे त्यांना माझे सांगणे असे की नवा संच जरूर घ्यावा, पण जुना दोरीचा फोन काढू नये. दुहेरी खाचेच्या तुकड्याने दोन्ही एकाच जोडणीवर राहतात. दोरीचा फोन पलंगाजवळ, हात लांबवून मिळेल असा असावा. अंधारात तो शोधावा लागत नाही. तो जेथे काल होता तेथेच आज असतो.

काचतंतू आलेल्या घरांना एवढ्याने भागत नाही, आणि ही गोष्ट जोडणी देणारे कारागीर बहुधा सांगत नाहीत. काचेतून प्रकाश येतो, वीज येत नाही. केंद्रातले ४८ व्होल्ट त्या मार्गाने येऊ शकत नाहीत. तेव्हा घरातली काचतंतूची पेटी वीज जाताच बंद पडते आणि तिच्यामागे दोरीचा फोनही बंद पडतो, मग तो कितीही जुना आणि कितीही विश्वासू असो. यावर उपाय आहे तो पेटीला आणि बैठकीला स्वतंत्र आधार देण्याचा. बाजारात हाताच्या पंजाएवढे घटसंच मिळतात, ते पेटी काही तास चालू ठेवतात. घरात इन्व्हर्टर असेल तर ही दोन यंत्रे त्याच्या जोडणीवर आहेत का हे स्वतः पाहावे; पंखा आणि दूरदर्शन त्यावर असतात आणि दूरध्वनी विसरला जातो, असे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. पाहण्याची रीत सोपी आहे. भर दिवसा, सर्व मंडळी घरी असताना, मुख्य खटका बंद करावा आणि शेजाऱ्याला फोन लावून पाहावा. लागला तर ठीक. नाही लागला तर तो दिवसा नाही लागला, हेच नशीब.

राहिले हमीचे काम. जुन्या बिनदोरीच्या संचांतले बोलणे साध्या रेडिओवर ऐकू येत असे. आजच्या 'डेक्ट' संचांत ते सांकेतिक करून पाठविण्याची सोय आहे. पण सोय असणे आणि ती चालू असणे यांत अंतर आहे. २००८ सालच्या अखेरीस जर्मनीत काही संशोधकांनी दाखवून दिले की अनेक संचांत ही सोय बंदच होती किंवा कच्ची होती, आणि थोड्या खर्चाच्या साहित्याने ते बोलणे पकडता येत होते. त्यानंतर मानकात सुधारणा झाल्या. आपण सामान्य माणसांनी एवढे करावे, की चार शून्यांची ती गुप्त संख्या पहिल्याच दिवशी बदलावी आणि बँकेच्या कार्डाचे अंक या किंवा कोणत्याही फोनवर कोणाला सांगू नयेत. दुसरा नियम यंत्राच्या रचनेपेक्षा माणसांच्या लबाडीमुळे अधिक आवश्यक झाला आहे.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी संच घेण्यापूर्वी दुकानात तो स्वतः कानाला लावून पाहावा. मघाशी सांगितलेली शंभर वेळांची आळीपाळी काही श्रवणयंत्रांत गुणगुणीसारखी ऐकू येते. ती खटकत असेल तर आवाज मोठा करून बोलण्याची, म्हणजे रिसीव्हर कानाला न लावता ऐकण्याची, कळ असलेला संच घ्यावा.

दोरी सुटल्याने घरातले वळणही थोडे बदलले. बैठकीच्या खोलीत, वडिलांच्या समोर, भिंतीकडे तोंड करून 'हो', 'नाही', 'बघते' एवढ्या तीन शब्दांत बोलणाऱ्या मुलीला पहिल्यांदा गच्चीवर जाऊन मोकळेपणाने बोलता आले ते या यंत्रामुळे. काही वडीलधाऱ्यांना ते रुचले नाही. मला ते चांगलेच झाले असे वाटते. तीन शब्दांत कोणाचे सुखदुःख मावत नाही. मात्र खांदा आणि कान यांच्यामध्ये रिसीव्हर दाबून कढईतले तेल हलविण्याची जी नवी रीत त्याच्याबरोबर आली, तिचे समर्थन मी करणार नाही.

शेवटी एक लहान काम, जे पुस्तिकेत नाही. जाड कागदाची एक पट्टी घ्यावी आणि तिच्यावर मोठ्या देवनागरी अक्षरांत, काळ्या शाईने, या घराचा स्वतःचा दूरध्वनी क्रमांक आणि पूर्ण पत्ता लिहावा: इमारतीचे नाव, मजला, जवळची खूण, आणि रुग्णवाहिका ज्या बाजूने आत येऊ शकते ते फाटक. पलीकडचा माणूस पहिल्याने हेच विचारतो, आणि चाळीस वर्षे ज्या घरात काढली त्याचा पत्ता घाबरलेल्या माणसाला त्या क्षणी आठवत नाही. पट्टी दोन प्रतींत करावी, एक बैठकीच्या वर भिंतीला आणि दुसरी पलंगाजवळच्या फोनखाली, आणि खाली शेजाऱ्यांचे नाव लिहावयास विसरू नये.